शाळूचा श्वास

धाकटा मामा कधीतरी पाण्यात मरणार, ही माझ्या आईची जुनी भीती होती. कृष्णेला पूर आला की तो लोकांच्या शेळ्या काढायला, वाहून चाललेली वैरण अडवायला पुरात उड्या टाकायचा. एकदा एका म्हातारीला तिच्या पत्र्याच्या पेटीसकट त्यानं काठाला आणलं होतं. दम धरून तो पाण्याखाली गेला की काठावरच्या बायका पदर तोंडात धरून उभ्या राहायच्या, आणि हा भलतीकडूनच वर यायचा, हसत. आई कोल्हापुरात आमच्या घरी बसून पावसाळाभर त्याच्यासाठी देवाला हात जोडायची.

तो मेला तो दिवाळीनंतर. घराच्या मागच्या अंगाला, कोरड्या जमिनीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. सुट्टी लागली की मी आजोळी जायची. आजोळ शिरोळकडं, नदीपासून जरा लांब, उंचावर वसलेलं गाव. आजी-आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात थोरले मामा, मामी, त्यांची दोन लहान मुलं आणि धाकटा मामा. थोरल्या मामांना मी अहो-जाहो करायची, धाकट्याला अरे-तुरे. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा. लग्न व्हायचं होतं. मला चिडवायला तो ‘डाक्टरीणबाई’ म्हणायचा. झाडांचा अभ्यास करून डॉक्टर होत नाहीत, हे त्याला किती वेळा सांगितलं तरी.

परसात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वर तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट रुंद, एखादा मोठा रांजण पुरून ठेवावा तसं. आतून शेणामातीनं लिंपायचं, पाचट लावायचं, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरायचा आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं बंद करायचं. नदीकाठच्या गावांत पेवं टिकत नाहीत, पाणी लागतं. पण आमच्या मामांचं गाव उंचावर असल्यानं तिथं बऱ्याच घरांत होती. फाल्गुनात भरलेलं पेव दिवाळीनंतर उघडलं तरी दाणा कालच मळल्यासारखा निघायचा.

पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. आत ‘कोंडलेली वाफ’ असते, ती आधी जाऊ द्यायची. थोरले मामा सगळं रीतसर करणारे. त्या दिवशी सकाळी त्यांनी फरशी काढली आणि पेव तसंच उघडं सोडलं. जेवणं झाल्यावर कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. कंदील खाली दाण्यांपर्यंत नीट जळत होता.

“झालं, गेली वाफ,” मामा म्हणाले आणि आत उतरले.

तोंडालगतचा शाळू सकाळीच वरून उपसून काढला होता. मामा आत पाट्या भरत होते, धाकटा मामा दोरीनं ओढत होता, मी आणि मामी वर ताडपत्रीवर दाणे पसरत होतो. मधूनच धाकटा उतरायचा आणि थोरले वर यायचे. मीही हट्टानं एकदा उतरले. आत गरम होतं, आणि आंबट वास येत होता, अंबील दोन दिवस जास्त राहिल्यावर येतो तसा. एका बाजूच्या भिंतीला हात लावला तर ओल होती. दाण्यांची तिथं एकमेकांना चिकटून ढेकळं झाली होती, त्यावर राखाडी लव आली होती.

“मामा, हितं पाणी लागलंय,” मी खालूनच ओरडले.

“औंदा पाऊस लई झाला की गं,” ते वरून म्हणाले. “ऱ्हाऊ दे ती बाजू. उद्या काढू, गुरांस्नी व्हईल.”

संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. मामीनं घरातून हाक मारली, “आवो, पेव झाका! समदा शाळू भिजंल!” दोघा भावांनी मिळून फरशी तोंडावर सरकवली, वर पोतं टाकलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. आम्ही चहा प्यालो. थोरल्या मामांनी फरशी बाजूला केली, धोतर खोचलं आणि तोंडाच्या कडेला हात टेकून पाय आत सोडले.

“कंदील?” मामीनं विचारलं.

“कालच उतरलोतो की दिवसभर. आता कसली वाफ?”

मी कडेलाच बसले होते, रिकामी पाटी हातात घेऊन. ते उतरले. खाली पाय टेकले. वर बघून “टाक पाटी” म्हणतील म्हणून मी वाकून पाहत होते. ते काही म्हणाले नाहीत. भिंतीकडं एक हात केला, मग देवळात बसावं तसे हळूच गुडघ्यावर बसले. मला वाटलं, काही पडलंय ते शोधतायत. मग ते पुढं कलले आणि चेहरा दाण्यांत गेला. आवाज असा आलाच नाही. दाणे थोडे सरकले, तेवढाच.

“मामा?” मी म्हणाले. “मामा!”

माझी हाक ऐकून मामी धावत आली, आत डोकावली आणि किंचाळली. धाकटा मामा गोठ्यात होता. तो आला तेव्हा मामी आत पाय सोडायलाच निघाली होती. त्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

“वयनी, तू हो बाजूला. मी जातो.”

“दोरी बांद कमरंला! आरं दोरी बांद!”

“दादाला बांदायला दोरी लागंल. मी दम धरून जातो की. पाण्यात जातो तसा.”

पाट्या ओढायची दोरी तिथंच होती. तिचं टोक त्यानं हातात घेतलं. छाती भरून हवा घेतली. पुराच्या पाण्यात उडी घेताना तो कसा गाल फुगवायचा, तसेच फुगवले आणि आत गेला.

मी कडेवर पालथी पडून बघत होते. त्यानं थोरल्या मामांना उताणं केलं, काखेतून दोरी घातली. दाण्यांत पाय रुतत होते, थोरले मामा अंगानं भारी, गाठ बसेना. त्यानं ती सोडून पुन्हा घातली. पाण्यात माणूस हलका होतो, इथं तसं नव्हतं. गाठ आवळताना त्याचे खांदे थरथरले, आणि मला दिसलं, त्याचं तोंड उघडलं. दोरीला हिसका दिला त्यानं. आम्ही ओढायला लागलो.

आरडाओरडा ऐकून शेजारचे चाचा आले होते. ते गावातली तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचे. आमच्या परसाला लागूनच त्यांचं घर. त्यांनी दोरी धरली म्हणून थोरले मामा वर आले. चेहरा वांग्यासारखा झाला होता. त्यांना जमिनीवर टाकून मामी त्यांची छाती चोळू लागली. चाचांनी दोरी पुन्हा आत सोडली.

“धर रे पोरा! दोरी धर!”

दोरी दाण्यांवर नुसती पडून राहिली. तिच्या शेजारी धाकटा मामा कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा.

चाचांनी दोरी कमरेला बांधली आणि आत जायला निघाले. मामीनं त्यांचे पायच धरले. “चाचा, नगा! तुमी बी ऱ्हाशीला आत!” तोवर माणसं गोळा झाली होती. कुणी घोंगडं आत सोडून वर-खाली हलवत होतं, कुणी घागरीनं पाणी ओतत होतं, हवा हलावी म्हणून. मग कुणीतरी कंदील सोडला. कंदील तोंडाच्या थोडा खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. तो जळता राहीपर्यंत चाचांना कुणी उतरू दिलं नाही. ते उतरले, त्याला बांधलं. तो वर आला तेव्हा त्याच्या केसांत शाळूचे दाणे अडकले होते आणि अंग अजून गरम होतं. त्यामुळं मला वाटत राहिलं की तो उठेल. थोरल्या मामांना तेवढ्यात ओकारी आली आणि त्यांनी डोळे उघडले. उघडल्यावर पहिला दिसला तो शेजारी ठेवलेला भाऊ.

दवाखान्यात नेलं, पोलीस आले, गुदमरून मृत्यू असं ठरलं. गावात मात्र वेगळं बोलणं सुरू झालं. पेवाला नैवेद्य दाखवला नव्हता. पेव जुनं होतं, त्यात काहीतरी होतं. कुणी म्हणालं, पाण्यानं एवढ्या वेळा सोडलं, म्हणून मातीनं धरलं. थोरले मामा यातलं काहीच बोलत नव्हते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारायचे.

“काल न्हवता त्यो वायू. काल आमी समदी उतरलोतो. मग आज कुठनं आला?”

मलाही विचारायचे. पेशी, श्वसन, शर्करा, ऊर्जा, सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते. मोड आलेले हरभरे काचपात्रात ठेवून आमच्या बाईंनी प्रयोगही दाखवला होता. पण तो प्रयोगशाळेतला हरभरा आणि हे परसातलं पेव यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती. कॉलेज सुरू झाल्यावर मी बाईंपाशी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दाणे आहेत अजून? ओले आणि कोरडे, दोन्ही? आणि मामांना यायला जमेल का?”

मामा आले. आयुष्यात पहिल्यांदा ते कॉलेजची पायरी चढले. दोन फडक्यांत दोन तऱ्हेचा शाळू, पांढरी टोपी, आणि महिन्याभरात दहा वर्षांनी म्हातारा झालेला चेहरा. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

बाईंनी मोठ्या तोंडाच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत कोरडा शाळू, दुसरीत भिंतीकडचा ओला. वाटेत तो सुकायला लागला होता म्हणून त्यावर पाणी शिंपडलं. दोन्हींची बुचं घट्ट बसवली. “उद्या सकाळी बघू,” म्हणाल्या. त्या रात्री मामा आमच्या घरी राहिले. आईनं वाढलेलं त्यांनी खाल्लं, पण भावाबहिणीत एक शब्द झाला नाही.

सकाळी आम्ही गेलो. बाईंनी तारेच्या टोकाला मेणबत्तीचा तुकडा लावून पेटवला. कोरड्या शाळूच्या बरणीचं बूच काढून तो आत सोडला. ज्योत जळत राहिली. मग ओल्याच्या बरणीचं बूच काढलं. ज्योत काठाच्या आत गेली आणि विझली. फुंकर मारल्यासारखी.

मामा एक पाऊल मागं सरले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि तो खांदा त्यांनी इतका आवळला की मला कळ आली.

“मला द्या,” ते म्हणाले.

त्यांनी स्वतः पेटवून सोडून बघितलं. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

“रातीत झालं ह्ये?”

“हो,” बाई म्हणाल्या. “दाणा जिवंत असतो, मामा. पेरला की उगवतो तो उगीच नाही. कोरडा असला की अगदी हळू श्वास घेतो, झोपलेल्या माणसापेक्षाही हळू. ओल लागली की जागा होतो. हवेतला प्राणवायू घेतो, आपल्यातली साखर त्यात जाळतो, आणि त्याच्या बदल्यात हा वायू सोडतो. त्यावर ही बुरशी चढली, तीही तेच करते, आणि फार जोरात करते. वायू जड, तो तळाला साठत राहतो. तुम्ही पहिल्या दिवशी बाहेर काढलात तो जुना होता. रात्रीत त्यांनी नवा केला.”

त्यांनी बुरशीचा कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक डोळा मिटून कसं बघायचं हे मामांना जमेना, मी त्यांच्या डोळ्यावर हात धरला. त्यांनी पाहिलं. बारीक धाग्यांचं जंजाळ, धाग्यांना पडदे, टोकांना गोल गोल दाणे.

“ह्यो कोण?”

“हीच ती राखाडी लव. यातला एक एक कप्पा म्हणजे एक पेशी. प्रत्येक पेशी श्वास घेते.”

“ह्यास्नी नाक कुटं हाय?”

“नाक नाही. अंगानंच घेते.”

मामा सरळ उभे राहिले. बाईंना वाटलं असावं की एवढं पुरे. पण त्यांनीच विचारलं, “आन् आमचं? माणसाचं न्यारं असंल की न्हाई?”

बाईंनी चुन्याची निवळी एका परीक्षानळीत ओतली, पाण्यासारखी स्वच्छ. त्यात काचेची बारीक नळी बुडवून त्यांच्या हातात दिली. “हळूच फुंका. ओढू नका.”

मामांनी फुंकलं. बुडबुडे आले आणि बघता बघता निवळी दुधासारखी पांढरी झाली. बाईंनी दुसऱ्या नळीत निवळी घेऊन ती ओल्या शाळूच्या बरणीतल्या वायूत हलवली. तीही तशीच पांढरी झाली. दोन्ही नळ्या त्यांनी मामांपुढं शेजारी शेजारी धरल्या.

मी हा प्रयोग आधी केला होता. निवळी पांढरी होणार हे मला माहीत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण मी मामांचा चेहरा बघत होते. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं, आणि मग त्यांनी ते हातानं झाकलं. श्वास बाहेर पडू नये म्हणून झाकावं तसं.

“ह्यो माज्या तोंडातनं आला?”

“हो. प्रत्येकाच्याच येतो. आपल्या अंगातही पेशीच आहेत, त्याही तेच करतात. त्याच उबेवर आपण चालतो-बोलतो. बाहेर मोकळ्या हवेत हा वायू पांगून जातो, म्हणून काही होत नाही.”

“आन् ह्येच्यानंच माजा भाऊ गेला.”

बाईंचे डोळे भरले. “हो,” म्हणाल्या.

थोड्या वेळानं मामांनी विचारलं, “मी फरशी टाकली नसती तर?”

बाई घाईनं ‘काही झालं नसतं’ असंही म्हणाल्या नाहीत आणि ‘वाचला असता’ असंही. “सांगता येत नाही, मामा. फरशी नसती तरी तळाला साठला असता, कदाचित कमी. मला खरंच माहीत नाही.”

त्या उत्तराचं ओझं मामांनी किती वाहिलं, मला ठाऊक नाही. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मामीला सांगायचं काम माझ्यावर आलं. पुढच्या रविवारी मी गावी गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी बाईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, दाणा, बुरशी, ओल. तिचे हात थांबले.

“म्हंजी आमी जित्ता दाणा दळून खातो व्हय?”

“होय.”

“आन् ही अंबील? आंबती ती?”

“त्यातही बारीक जीव असतात. तेच तिला आंबवतात.”

“दह्यात?”

“दह्यातही.”

तिनं परातीतल्या पिठाकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या मडक्याकडं, उतरंडीकडं, दारातून दिसणाऱ्या गोठ्याकडं. तिच्या डोळ्यांत अशी भीती मी कधी पाहिली नव्हती. पेवापाशीसुद्धा नाही.

“मग ह्या घरात मेल्यालं काय हाय गं?” ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. तव्यावरची भाकरी करपली तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

पेव मामांनी बुजवून टाकलं. आतला उरलेला चांगला शाळू काढला नाही, गुरांनाही घातला नाही. वर माती लोटली, आणि त्यानंतर धान्य पत्र्याच्या कणगीत ठेवू लागले. गावातली बाकीची पेवं काही एका दिवसात बंद झाली नाहीत. मामा प्रत्येक घरी गेले. मेलेल्या माणसाच्या भावानं दारात उभं राहून सांगितलं की लोक ऐकून घेतात. “काल उतरला म्हणून आज उतरू नगासा,” ते सांगायचे. “ती रातभर जागी असत्यात.” काहींना वाटायचं, मामा भुतांबद्दल बोलतायत. मामा समजावत बसायचे नाहीत. भुतं तर भुतं, पण कंदील सोडा, म्हणायचे.

पुढची काही वर्षं गावात कुठंही पेव उघडायचं असलं की आदल्या दिवशी मामांना निरोप जायचा. ते चाचांना सोबत घेऊन जायचे. दोघं तोंडाशी बसायचे, कंदील खाली सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम पुन्हा सुरू व्हायच्या आधी परत येऊन पुन्हा सोडायचे. एका घरात दुसऱ्या दिवशी तो खरोखर विझला. तिथला उतरायला निघालेला मुलगा वरूनच विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिला, आणि त्याच्या आईनं मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. मामांनी तिला उठवलं. घरी आल्यावर त्यांनी मामीला तेवढंच सांगितलं, “आज एक वाचला.” मग ते गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.